पाणी कुठे अडलं? खान्देशचा पाऊस आणि वातावरणातल्या मोठ्या लाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पावसाला पाऊस कमी आणि पाणी जास्त म्हणतात. जुलै निम्मा सरला, कपाशी टीचभर झाली आणि आभाळ कोरडंच राहिलं की पारावर, बँकेच्या रांगेत, कृषी केंद्राच्या बाकावर एकच विचारणा: पाणी कुठे अडलं? मी अमळनेर तालुक्यात वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय आणि घरची शेती कोरडवाहू आहे. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही पडतो आणि बांधावरही. लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी नीट उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

हवेत लाट असते म्हणजे नेमकं काय असतं?

विहिरीवरची मोटार आठवा. पाइप आधीच पाण्यानं भरलेला असेल तर बटण दाबल्यावर पाचशे फुटांवरच्या टोकाला पाणी जवळजवळ लगेच पडायला लागतं. ते पाणी विहिरीतून आत्ता निघालेलं नसतं. पाणी जागचं थोडंच हललं, पुढे पोचला तो दाब.

हवेतही तसंच होतं. एका पट्ट्यात हवा वर उठते, शेजारच्या पट्ट्यात खाली बसते, आणि ही उठबस आपली जागा बदलत पुढे सरकत राहते. हवा स्वतः तेवढी लांब जात नाही. मोठ्या लाटेची एक बाजू हजारो किलोमीटर रुंद असते, इतकी की अख्खा भारत तिच्या पोटात मावावा. पुढे मी ‘उठती बाजू’ आणि ‘बसती बाजू’ असे शब्द वापरतो. उठत्या बाजूला ढग वाढतात, बसत्या बाजूला विरतात.

मग पाऊस लाटेतून पडतो का?

नाही, पाऊस ढगातूनच पडतो. लाट ढगाला वाढू देते किंवा वाढू देत नाही. समुद्रावरचं बाष्प भरपूर असूनही हवा वर उचलली गेली नाही तर ते आपल्या डोक्यावरून नुसतं वाहून जातं. जुलैत उकाडा आहे, घाम वाळत नाही, वारा जोरात आहे आणि तरी थेंब नाही, असे दिवस आपण सगळ्यांनी काढलेत.

यात एक गोष्ट फार सुंदर आहे आणि मी ती दरवर्षी वर्गात सांगतो. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, एका किलोमागे सुमारे २५ लाख जूल. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. तेवढी वाफ ढगात पाणी होताना जी उष्णता सुटते ती जवळपास २,८०० युनिट विजेइतकी भरते. हे झालं एका एकराचं, एका मिलिमीटरचं. लाटेनं ढग उठवले की ढगांमधली ही उष्णता पुन्हा त्या लाटेलाच खतपाणी घालते. म्हणून विषुववृत्ताजवळच्या लाटा आणि पाऊस यांना वेगळं काढता येत नाही. ढगांचं हे ओझं वागवणारी लाट चालते मात्र हळू. ढगांविना सेकंदाला ३० ते ५० मीटर धावू शकणारी लाट ढगांसकट १५ ते २० मीटरवर येते.

सगळ्यात महत्त्वाची लाट कोणती?

मॅडन-ज्युलियन. बातम्यांमध्ये ‘एमजेओ’ म्हणतात ती हीच. अमेरिकेतल्या रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोघांनी १९७१ साली ती दाखवून दिली. प्रशांत महासागरातल्या कँटन नावाच्या छोट्या बेटावरच्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या जवळपास दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा दर ४० ते ५० दिवसांनी तोच चढ आणि तोच उतार येताना दिसला. रोज न चुकता नोंद लिहिणारं कुणीतरी त्या बेटावर होतं, म्हणून ही लाट सापडली.

ही लाट हिंद महासागरात उठते आणि सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगानं पूर्वेकडे जाते, म्हणजे सायकलच्या चालीनं, दिवसाला चारशे-साडेचारशे किलोमीटर. इंडोनेशिया ओलांडून ती प्रशांत महासागरात पोचते आणि तिथलं पाणी थंड होत जातं तसे तिचे ढग विरतात. वरच्या हवेत मात्र तिची खूण पृथ्वीला वळसा घालून परत येते. एक फेरी साधारण ३० ते ६० दिवसांची. अगदी मोजून-मापून फेरी कधीच होत नाही, आणि कधीकधी लाट महिनोन् महिने मलूल पडून राहते.

ती विषुववृत्तावर, आम्ही तापीच्या काठी. आमचा संबंध काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर समजलं तर बाकीचं आपोआप सुटतं.

हिवाळ्यात ही लाट विषुववृत्ताला धरून सरळ पूर्वेला जाते. पावसाळ्यात तसं होत नाही. तेव्हा तिचा ढगांचा पट्टा पूर्वेकडे सरकता सरकता उत्तरेकडेही चढू लागतो. १९८० साली हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाची रोजची चित्रं लावून हे दाखवलं: विषुववृत्ताजवळ ढगांचा पट्टा तयार होतो, उत्तरेकडे सरकत मध्य भारतापर्यंत येतो, आणि काही आठवड्यांनी मागून दुसरा निघतो. जपानच्या यासुनारी यांनाही १९७९ मध्ये हीच चाल दिसली होती.

उत्तरेकडची चाल दिवसाला साधारण एक अंश अक्षांश, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही गावं २१ अंशांच्या आसपास आहेत. हिशोब तुम्हीच करा: विषुववृत्ताजवळ उठलेला पट्टा आपल्यापर्यंत यायला अंदाजे तीन आठवडे लागतात. श्रीलंकेच्या खाली ढगांची गर्दी आणि आपल्याकडे स्वच्छ ऊन, असं चित्र दिसलं की ‘पाणी कुठे अडलं’ याचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. ते अडलेलं नसतं, वाटेत असतं.

पट्टा उत्तरेकडेच का चढतो? त्याच्या उत्तरेला आकाश मोकळं असतं, तिथलं समुद्राचं पाणी उन्हानं तापतं. शिवाय पावसाळ्यात वरच्या हवेत पूर्वेकडून आणि खाली पश्चिमेकडून वारा असतो. वर-खालच्या वाऱ्याच्या या फरकामुळे जमिनीलगतची ओली हवा पट्ट्याच्या उत्तर कडेला एकवटते. त्यामुळे नवे ढग नेहमी उत्तरेच्या अंगाला उगवतात, जुने दक्षिणेला मावळतात, आणि पट्टा पुढे चालल्यासारखा दिसतो.

बाकीच्या लाटा?

१९६६ साली जपानच्या तारो मात्सुनो यांनी फक्त गणितानं दाखवलं की फिरत्या पृथ्वीच्या विषुववृत्तालगत ठरावीक प्रकारच्या लाटा अडकून राहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं ते विषुववृत्तावर शून्य असतं आणि दोन्ही बाजूंना वाढत जातं. हे वळण लाटेला बाहेर पडू देत नाही, पाट जसा पाण्याला धरून ठेवतो तसं. पुढे १९९९ मध्ये व्हीलर आणि किलाडिस यांनी उपग्रहाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा मात्सुनोंच्या कागदावरच्या लाटा खऱ्या ढगांमध्ये सापडल्या.

त्यातली केल्विन लाट पूर्वेकडे पळते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमात्रापर्यंत चार-पाच दिवसांत पोचते. रॉस्बी लाट उलट, पश्चिमेकडे जाते आणि सावकाश जाते. तिची दोन भोवऱ्यांची जोडी असते, एक विषुववृत्ताच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. मे २०२२ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘असनी’ आणि त्याच वेळी दक्षिण हिंद महासागरात ‘करीम’ अशी दोन चक्रीवादळं समोरासमोर फिरत होती, ती अशा जोडीची ठळक खूण.

आपल्यासाठी आणखी एक हेलकावा महत्त्वाचा, १० ते २० दिवसांचा. कृष्णमूर्ती आणि भालमे यांनी १९७६ साली तो मान्सूनमध्ये ओळखला. तो पश्चिम प्रशांतकडून बंगालच्या उपसागरावर येतो आणि पुढे आपल्याकडे सरकतो. मोठा पट्टा महिना-दीड महिन्याचा आणि त्यावर स्वार हा पंधरवड्याचा. दोघांच्या उठत्या बाजू एकावर एक आल्या की झड लागते. एकाची उठती आणि दुसऱ्याची बसती बाजू एकत्र आली की नुसता भुरभुर पाऊस होतो, ज्यानं वाफसाही होत नाही.

खान्देशात प्रत्यक्ष पाणी आणतं कोण?

बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र. सह्याद्री ओलांडून येताना पश्चिमेचे ढग रिकामे होतात, आपण सह्याद्रीच्या मागच्या बाजूला आहोत. म्हणून नवापूर-अक्कलकुव्याकडे भात पिकतो आणि साक्री-शिंदखेड्याला टँकर लागतो. मोठा पाऊस येतो तो पूर्वेकडून, कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशातून सरकतं तेव्हा. मग बैतूल, बऱ्हाणपूर आणि तिकडे पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस होतो, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम फुगतो आणि भुसावळात ऊन असतानाही हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. एकेचाळीसच्या एकेचाळीस दरवाजे उघडलेले मी पाहिलेत. ते पाणी पाहून डोळे भरतात, कारण आपली कपाशी तेव्हा कधीकधी कोरडीच असते.

अशी कमी दाबाची क्षेत्रं हंगामभर सारख्या अंतरानं येत नाहीत, घोळक्यानं येतात. लाटेची उठती बाजू मध्य भारतावर असली की ती तयार होण्याचं प्रमाण बसत्या बाजूपेक्षा तिपटीहून अधिक असतं, हे बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. लाट आणि आपलं शेत यांच्यातला दुवा हाच आहे.

म्हणजे जुलै-ऑगस्टमधला खंड लाटेमुळे पडतो?

बऱ्याच वेळा हो. खंडात मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याला जातो, तिकडे पूर येतात आणि मध्य भारत कोरडा पडतो. त्याच वेळी दक्षिणेला विषुववृत्ताजवळ नवा पट्टा जमत असतो.

पण प्रत्येक खंड तीन आठवड्यांत मोडेलच असं समजू नका. जुलै २००२ मध्ये देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला आणि तो हंगाम १९ टक्के तुटीनं संपला. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. तेव्हा एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, आणि मॅडन-ज्युलियन लाटही प्रतिकूल होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र देशात सरासरीच्या ११३ टक्के पाऊस झाला. ज्यांनी ऑगस्टअखेर मूग-उडदावर नांगर फिरवला त्यांना तो सप्टेंबर कुठून उपयोगी पडणार? पण कपाशी ज्यांनी कशीबशी धरून ठेवली होती त्यांना तो आधाराचा ठरला.

एल निनो आणि ही लाट एकच का?

नाही. एल निनो ठाण मांडून बसतो, साधारण नऊ महिने ते वर्षभर. लाट चालती असते. एल निनो अख्ख्या हंगामाचं पारडं झुकवतो, लाट ठरवते की त्या हंगामातला कोणता आठवडा ओला आणि कोणता कोरडा. एल निनोच्या वर्षीही लाटा येतात, आणि चांगल्या वर्षीही खंड पडतात. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. एल निनोची बातमी ऐकून मार्चमध्येच हाय खाणाऱ्यांना मी हे वर्ष आवर्जून सांगतो.

‘एमजेओ फेज २ मध्ये आला, आता पाणी येणार’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. विश्वास ठेवावा का?

हे निरोप अर्धवट असतात. लाट कुठे आहे हे सांगायला २००४ साली व्हीलर आणि हेंडन यांनी एक वर्तुळाकार नकाशा तयार केला. त्याचे आठ भाग आहेत, त्यांनाच फेज म्हणतात. २ आणि ३ म्हणजे ढग हिंद महासागरावर, ४ आणि ५ म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूला, ६ आणि ७ पश्चिम प्रशांतवर, ८ आणि १ अमेरिका-आफ्रिकेकडे. मधल्या छोट्या वर्तुळाच्या आत रेष असेल तर लाट क्षीण आहे, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता चूक कुठे होते पाहा. फेज १ आणि २ मध्ये ढग विषुववृत्ताजवळच असतात. तेव्हा मध्य भारतात बरेचदा खंडच असतो. आपल्या भागासाठी ३ ते ६ या फेज सर्वसाधारणपणे अनुकूल आणि ७-८ पुन्हा कोरड्याकडे झुकणाऱ्या. म्हणजे ‘फेज २’ हा निरोप वाचून त्याच दिवशी बियाण्याची पिशवी फोडायची नसते. त्याचा अर्थ एवढाच की पट्टा निघण्याच्या तयारीत आहे.

नक्षत्रं मग खोटी म्हणायची का?

मी तसं म्हणणार नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही सूर्याच्या जागेवरून ठरणारी तेरा-चौदा दिवसांची नक्षत्रं आहेत, आणि पिढ्यान् पिढ्यांचा सरासरी अनुभव त्यांच्यात साठलाय. मृगात पाणी येतं हे सरासरीनं बरोबरच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची आई घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची, चार महिन्यांची चार, आणि कोणतं जास्त भिजलं ते पाहायची. त्या ढेकळांना उद्याचं कळत नव्हतं, पण पावसाळ्याचे चारही महिने सारखे नसतात ही जाण त्या रीतीत होती. नक्षत्राची तारीख दरवर्षी तीच असते. लाटेची नसते. या वर्षीच्या आर्द्रेत लाटेची कोणती बाजू आपल्यावर येणार हे पंचांगात लिहिलेलं असू शकत नाही.

मग ते कुठे लिहिलेलं असतं?

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यामागची पद्धत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत उभी राहिली. त्यात आठवड्यागणिक नकाशे असतात, सरासरीपेक्षा जास्त आणि कमी पावसाचे. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे, तिसरा दिशा सांगणारा, चौथा सावधपणे वाचायचा. याशिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, मेघदूत ॲपवर तो मराठीत वाचता येतो.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धरा. हा अंदाज तुमच्या गटनंबरचा नसतो, फार तर विभागाचा असतो. लाट जिल्ह्या-जिल्ह्यांत भेद करत नाही. तो भेद सातपुडा, सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि त्या दिवशीचा एखादा ढग करतो. पारोळ्यात पडलं आणि एरंडोलला नाही, याचं उत्तर लाटेकडे मागू नये.

पेरणीसाठी याचा उपयोग काय?

इथे मला घरचं सांगावं लागेल. एका वर्षी मृगात दोन दिवस चांगलं पाणी झालं, सगळ्या शिवारात तिफणी चालल्या. वडिलांनी विचारलं, मी म्हणालो पेरा. मी पुढच्या दोन आठवड्यांचा नकाशा उघडूनही पाहिला नव्हता, आणि तो पाहायला शिकवणारा शिक्षक मीच होतो. पाण्यानं बावीस दिवस ओढ दिली. उगवलेली ज्वारी आणि मूग डोळ्यांदेखत करपले, दुबार पेरणीला आईची पाटली गहाण पडली. वडील मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यानंतर मी एकही गुरुवार चुकवलेला नाही.

म्हणून सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरेपर्यंत कोरडवाहूत पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला पाळाच. त्याला एक जोड द्या. ओल पुरेशी आहे पण पुढचे दोन आठवडे लाटेची बसती बाजू दिसतेय, तर हलक्या रानात थांबा. भारी काळ्या रानात थोडी जोखीम घेता येते, कारण ती ओल धरते.

खंड दिसत असेल तर युरिया टाकू नका, कोळपणी करा. ‘एक कोळपणी अर्धं पाणी’ ही म्हण खरी आहे: भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी आहे त्यांनी ते खंडाच्या पहिल्याच आठवड्यात सगळं सोडू नये, पातेगळ सुरू व्हायच्या सुमारास लागेल म्हणून राखावं. आणि झड दिसत असेल तर फवारणी आधी उरकू नका, औषध धुऊन जाईल.

फेब्रुवारी-मार्चची गारपीटही याच लाटांची का?

नाही, ती वेगळ्या घरची. ती उत्तरेच्या थंड पट्ट्यातल्या वरच्या हवेतल्या लाटांची, ज्यांना आपण पश्चिमी विक्षोभ म्हणून ओळखतो. ती लाट खूप दक्षिणेला उतरली आणि तिला खालून ओली हवा मिळाली की गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात तेच झालं.

हवामान बदलामुळे या लाटा बदलतायत का?

हो, आणि याची मला काळजी वाटते. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की हिंद आणि प्रशांत महासागरांचा उबदार पाण्याचा पट्टा पसरल्यामुळे मॅडन-ज्युलियन लाटेचा हिंद महासागरावरचा मुक्काम तीन-चार दिवसांनी घटलाय, आणि इंडोनेशिया-प्रशांतच्या बाजूला तो पाच-सहा दिवसांनी वाढलाय. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचंही त्यांनीच आधी, २०१७ मध्ये, मांडलं होतं. एकूण आकडा सरासरीचाच राहतो आणि पडतं मात्र चार दिवसांत, ही तक्रार आपण बांधावर करतो ती उगाच नाही.

आम्ही घरी काय करू शकतो?

पर्जन्यमापक लावा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याची मोजणीही त्याच वेळची असते, आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहा. शेजारी गुरुवारच्या अंदाजात आपल्या भागाला कोणता रंग होता तेही लिहा. पाच-सहा हंगामांनंतर तुम्हाला कळेल की तुमच्या शिवारात तो अंदाज किती वेळा लागू पडतो, आणि ते तुम्हाला बाहेरचं कुणी सांगू शकणार नाही. पाणी पडलं नाही त्या दिवशी जागा कोरी सोडू नका, शून्य लिहा. खंड किती दिवसांचा होता ते नंतर त्या शून्यांवरूनच मोजावं लागतं.